रविवारची फेरी : इंग्लिश सायकल-क्लबांच्या इतिहासातील एक विसंगती

चार्ल्स डिकन्सचे निधन ९ जून १८७० रोजी झाले. त्यानंतर तेरा दिवसांनी, २२ जूनला, लंडनच्या हॅक्नी भागात काही तरुणांनी एक सायकल-क्लब स्थापन केला आणि नुकत्याच गेलेल्या या लेखकाच्या स्मरणार्थ त्याला नाव दिले ‘पिकविक बायसिकल क्लब’. क्लबात येणाऱ्या प्रत्येक सभासदाला ‘पिकविक पेपर्स’मधील एखाद्या पात्राचे नाव मिळते, आणि क्लबाच्या बैठकीत त्याला त्याच नावाने हाक मारली जाते. जगातील सर्वांत जुन्या सायकल-क्लबांपैकी हा एक असून तो अजून टिकून आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्याला ही एक गमतीदार नोंद वाटेल आणि तो पुढे जाईल. पण जरा थांबून पाहिले तर या नामकरणात निव्वळ गंमत नाही. डिकन्सची ही कादंबरी १८३६-३७ साली हप्त्याहप्त्याने प्रसिद्ध झाली, पण तिचे कथानक घडते ते १८२७-२८ च्या सुमाराला, म्हणजे रेल्वे येण्यापूर्वीच्या इंग्लंडमध्ये. घोड्यांच्या टपालगाड्या, वाटेवरच्या खाणावळी, रात्रीच्या मुक्कामाला जमणारी अनोळखी माणसे, हे त्या कादंबरीचे जग आहे. पुढच्या दोन दशकांत रेल्वेने ते मोडून टाकले. टपालगाड्या बंद पडल्या, खाणावळींचे तबेले ओस पडले, हमरस्त्यांवर गवत उगवले. १८७० च्या दशकात ज्यांनी हे रस्ते पुन्हा जागे केले ते सायकलस्वार होते. मंडळी करून निघणारा, वाटेत दिसेल त्याची टिपणे ठेवणारा, खाण्यापिण्यात मनापासून रमणारा आणि स्वतःची इतिवृत्ते गंभीरपणे लिहिणारा पिकविक क्लब त्यांना आपला पूर्वज वाटला, यात नवल नाही.

या लेखाचा विषय आहे क्लबाची सामूहिक फेरी. इंग्लिश सायकलस्वार तिला ‘क्लब-रन’ म्हणतात. शर्यतींचा इतिहास विपुल लिहिला गेला आहे, कारण शर्यतीला विजेता असतो, वेळ असते, तारीख असते. दर रविवारी सकाळी ठरलेल्या कोपऱ्यावर जमून पन्नाससाठ मैल जाऊन येणाऱ्या दहावीस माणसांचा इतिहास मात्र कोणी लिहावा? त्यात काही घडत नाही. घडले तर तो अपघात असतो. क्लबांची इतिवृत्ते, फेऱ्यांचे छापील तक्ते, सभासदांपुरती निघणारी मासिके, एवढाच त्याचा कागदी अवशेष. वॉरिक विद्यापीठाच्या अभिलेखागारात असे साहित्य मोठ्या प्रमाणावर जतन केलेले आहे. पण ते वाचताना पुन्हा पुन्हा जाणवते की फेरी नेमकी कशी होत असे हे लिहिण्याची गरज लिहिणाऱ्याला वाटलेली नाही. जे सर्वांना ठाऊक असते ते कोणी लिहीत नाही. आपल्याकडच्या दिंडीच्या अभ्यासकांनाही हा अनुभव नवा नसावा.

आणि तरीही या फेरीत एक मोठी विसंगती दडलेली आहे. इंग्लंडमधला सायकलस्वार जवळजवळ अर्धशतक सराव करीत असे तो सर्वांबरोबर, आणि शर्यत लढवीत असे ती एकट्याने. फ्रान्स, बेल्जियम, इटली या देशांत असे नव्हते. तिथे शर्यतही घोळक्यानेच होई. इंग्लंडमध्ये असे का झाले हे पाहू लागलो की प्रश्न खेळाचा उरत नाही. सार्वजनिक रस्त्यावर माणसांनी एकत्र असावे की नसावे, असावे तर कोणी आणि कोणत्या रूपात, असा तो प्रश्न होतो.

सुरुवातीच्या क्लबांचे रूप लष्करी होते. मोठे पुढचे चाक आणि छोटे मागचे चाक असलेली ती उंच सायकल महाग असे. तिच्यावर बसणारे बहुतेक खात्यापित्या घरचे तरुण. त्यांनी गणवेश शिवले, टोप्यांवर बिल्ले लावले, कप्तान आणि उपकप्तान निवडले. कप्तानाच्या पुढे कोणी जायचे नाही असा नियम होता. क्लबाचा बिगुलवाला असे. सायकलवर चढा, उतरा, एका रांगेत या, थांबा, या साऱ्या आज्ञा बिगुलावर दिल्या जात. आज हे वाचताना हसू येते. पण रस्त्यावर या मंडळींचे स्वागत कसे होत होते हे पाहिले की बिगुलाचा अर्थ कळतो. १८७६ साली लंडनजवळ सेंट ऑल्बन्सच्या घोडागाडीच्या चालकाने एका सायकलस्वाराला चाबकाने फटकारले, आणि गाडीवरच्या रखवालदाराने दोरीला बांधलेला लोखंडी गोळा त्याच्या चाकात फेकून त्याला खाली ओढले. तो गोळा त्याने आधीपासून तयार ठेवला होता, म्हणजे हा क्षणिक संताप नव्हता. रस्ता कोणाचा, याचे उत्तर घोडेवाल्यांनी आपल्यापुरते देऊन टाकले होते. अशा वेळी वीस जणांनी एका रंगाचे कपडे घालून बिगुल वाजवीत जाण्यात मिरवणूक होती तसे संरक्षणही होते.

कायद्याने उत्तर दिले ते १८८८ साली. त्या वर्षीच्या स्थानिक शासन कायद्याने सायकल ही ‘गाडी’ आहे असे घोषित केले. म्हणजे रस्त्यावर तिचा हक्क मान्य झाला. सोबत दुसऱ्याला ओलांडताना घंटा वाजवण्याचे बंधनही आले. या हक्कामागे संघटनांचे काम होते. १८७८ साली हॅरोगेट येथे ‘बायसिकल टूरिंग क्लब’ निघाला, तोच १८८३ पासून ‘सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब’ झाला. त्याने गावोगावच्या खाणावळींशी करार केले, भिंतीवर पंख असलेल्या चाकाचे चिन्ह लावले, धोक्याच्या उतारांवर पाट्या उभारल्या. १८९९ साली त्याची सभासदसंख्या ६० हजारांवर गेली होती. चांगल्या रस्त्यांसाठी चळवळ करणारी संस्थाही सायकलवाल्यांनीच १८८६ साली काढली. त्या गुळगुळीत रस्त्यांवर पुढे कोण आले हे आपल्याला माहीत आहे.

लंडनच्या नैर्ऋत्येला पोर्टस्मथच्या हमरस्त्यावर रिप्ली नावाचे गाव आहे. १८८० आणि ९० च्या दशकांत रविवारी तिथे इतके सायकलस्वार जमत की ‘अँकर’ नावाच्या तिथल्या खाणावळीची कीर्ती देशभर पसरली. ती डिबल कुटुंबाची होती, आणि त्यातल्या अॅनी व हॅरिएट या बहिणींचे नाव त्या काळच्या सायकलवाङ्मयात पुन्हा पुन्हा येते. एच. जी. वेल्सच्या ‘द व्हील्स ऑफ चान्स’ (१८९६) या कादंबरीचा नायक हूपड्रायव्हर याच रस्त्याने निघतो. कापडाच्या दुकानातला नोकर, वर्षाची दहा दिवसांची रजा, कष्टाने शिकलेली सायकल आणि आपल्याला कोणी सभ्य गृहस्थ समजावे ही इच्छा. वेल्स स्वतः कापडदुकानात उमेदवारी करून सुटलेला, त्यामुळे या पात्रातली लाज आणि आनंद दोन्ही खरे आहेत. पण हूपड्रायव्हर एकटा जातो. ज्या रस्त्यावर क्लबांची गर्दी होती त्या रस्त्यावर वेल्सने नायकाला एकटे पाठवले, आणि तसे करणे त्याला भागच होते. गावात शिरताना आपण कोण वाटतो हा प्रश्न एकट्यालाच पडतो. १९०३-०४ मधील शेरलॉक होम्सच्या एका कथेचे तर शीर्षकच एकाकी सायकलस्वारावर आहे. जेरोम के. जेरोमने १९०० साली तिघे मित्र जर्मनीत सायकलवर पाठवले, पण तीन म्हणजे संवादाची सोय. तो समूह नव्हे. कादंबरीला व्यक्ती हवी असते. एकमेकांच्या चाकामागे वीतभर अंतर ठेवून चाललेल्या वीस माणसांत ‘मी’ कोणता हे सांगणे कठीण, आणि ‘आम्ही’ या सर्वनामात कादंबरी लिहिण्याची रीत तेव्हा नव्हती. क्लबाची फेरी साहित्यात आली नाही याचे एक कारण मला हे दिसते.

रिप्लीच्या शेजारीच ऑकहॅम आहे. तिथल्या ‘हॉटबॉय’ नावाच्या हॉटेलात ऑक्टोबर १८९८ मध्ये लेडी हार्बर्टन ही बाई सायकलवरून आली. स्त्रियांच्या सुटसुटीत पोशाखाचा पुरस्कार करणारी संस्था तिने १८८१ साली काढली होती, आणि त्या दिवशीही तिच्या अंगावर घागऱ्याऐवजी सैलसर विजार होती. हॉटेलच्या मालकिणीने तिला कॉफीच्या खोलीत बसू दिले नाही. पलीकडे पुरुष दारू पीत बसतात त्या खोलीत बसा म्हणून सांगितले. हॉटेल टूरिंग क्लबाच्या यादीतले होते. क्लबाने तिच्या वतीने खटला भरला आणि १८९९ साली तो हरला, कारण मालकिणीने जेवण नाकारले नव्हते, फक्त दुसरी खोली दाखवली होती. या खटल्याची गोष्ट सहसा पोशाखाच्या अंगाने सांगितली जाते. मला त्यात खोलीचा मुद्दा अधिक महत्त्वाचा वाटतो. रस्त्यावर सर्वांच्या बरोबरीने आलेल्या बाईला मुक्कामी वेगळे बसवायचे, ही तडजोड न्यायालयाला वाजवी वाटली.

१८९० च्या दशकात परिस्थिती झपाट्याने बदलली. दोन सारख्या चाकांची सायकल १८८५ पासून रुळली होती, डनलॉपचे हवेचे टायर १८८८ साली आले, आणि दशकाच्या अखेरीस जुन्या सायकली कामगाराच्या आवाक्यात आल्या. गिरणी-कारखान्यातल्या माणसाला रविवार तेवढा मोकळा. तो शहराबाहेर पडू लागला. याच वर्गातून क्लबांची नवी पिढी आली, आणि तिच्यात सर्वांत निराळा होता तो ‘क्लॅरियन’.

‘क्लॅरियन’ हे रॉबर्ट ब्लॅचफोर्डने १८९१ च्या डिसेंबरात मँचेस्टरहून सुरू केलेले समाजवादी साप्ताहिक. त्यातल्याच त्याच्या लेखांचे ‘मेरी इंग्लंड’ हे पुस्तक पुढे दहा लाखांवर खपले. १८९४ च्या फेब्रुवारीत बर्मिंगहॅमच्या काही तरुण वाचकांनी या पत्राच्या नावाने सायकल-क्लब काढला; टॉम ग्रूम हा त्यांच्यातला पुढारी. वर्षभरात गावोगावी शाखा निघाल्या, आणि १८९५ च्या ईस्टरला त्या सगळ्या डर्बीशरमधील अॅशबोर्न येथे एकत्र आल्या. फेरीला निघताना पिशवीत पत्रके आणि साप्ताहिकाचे अंक असत. खेड्यात थांबायचे, ते वाटायचे, जमल्यास भाषण करायचे, मग चहा. रस्त्यात दुसरा क्लॅरियनवाला भेटला की एकाने ‘बूट!’ म्हणून ओरडायचे आणि दुसऱ्याने ‘टाचा!’ म्हणून उत्तर द्यायचे. टाच म्हणजे इथे घोडेस्वाराच्या बुटाची लोखंडी आर. घोडेस्वारांचा शब्द सायकलवाल्या कामगारांनी असा थट्टेने उचलला. प्रचार किती झाला आणि सहल किती झाली यावर तेव्हाही वाद होता. कडव्या समाजवाद्यांना ही मंडळी फार आनंदी वाटत. मला वाटते, तो आनंद हाच त्यांच्या राजकारणाचा पुरावा होता. सक्तीच्या गणवेशाशिवाय आणि बिगुलाशिवाय वीस माणसे शिस्तीने एकत्र जाऊ शकतात हे ते दर रविवारी करून दाखवीत होते. पुढे ब्लॅचफोर्डने पहिल्या महायुद्धाचा पुरस्कार केला आणि अनेक वाचक तुटले, साप्ताहिकही नंतर बंद पडले, पण क्लब उरला. २०२१ साली त्याच्या राष्ट्रीय संघटनेने घटनेतून ‘समाजवाद’ हा शब्द काढला तेव्हा एक गट बाहेर पडला, म्हणजे वाद अजून संपलेला नाही.

मँचेस्टरच्या क्लॅरियन फेऱ्यांत १८९० च्या दशकात दोन बहिणी येत असत : क्रिस्टाबेल आणि सिल्व्हिया पँकहर्स्ट. पुढे स्त्रियांच्या मताधिकाराच्या लढ्यात दोघींची नावे गाजली, आणि त्या लढ्यातच दोघींचे कायमचे बिनसले. सिल्व्हियाने १९३१ साली त्या चळवळीचा इतिहास लिहिला. त्यात या फेऱ्यांचे वर्णन आहे. थोरली क्रिस्टाबेल वेगवान. धाकटी लालबुंद चेहऱ्याने धापा टाकीत मागे. क्लबाबरोबर असताना चढावर कोणी तरी सिल्व्हियाच्या पाठीला हात लावून तिला रेटीत नेई. दोघीच निघाल्या की मात्र क्रिस्टाबेल पुढे जाऊन दिसेनाशी होई. सिल्व्हियाने हे तीस-पस्तीस वर्षांनी लिहिले आहे, मधल्या काळातल्या मतभेदांची छाया त्यावर पडलेली असणार, हे लक्षात ठेवून वाचले पाहिजे. तरी समूह म्हणजे काय हे मला या एका नोंदीतून जितके समजले तितके क्लबांच्या नियमावल्यांतून समजले नाही.

आता शर्यतीकडे वळू. १८९४ च्या जुलैत ‘नॉर्थ रोड’ या क्लबाची ५० मैलांची शर्यत चालू होती. एका बाईच्या घोडागाडीला ओलांडताना घोडा बिथरला, आणि काही स्पर्धक कोसळले. त्यांत फ्रेडरिक थॉमस बिडलेक हे स्वतः होते. बाईने पोलिसांकडे तक्रार केली. सायकल-शर्यतींची नियामक संस्था असलेल्या ‘नॅशनल सायक्लिस्ट्स युनियन’ने रस्त्यावरच्या शर्यतींना आधीच विरोध दर्शवला होता, अशा आणखी एकदोन प्रसंगांनी संसद कायदा करील आणि सायकलींचा रस्त्यावरचा हक्कच जाईल अशी तिला भीती होती. लवकरच तिने अशा शर्यतींवर बंदी घातली. ही बंदी सरकारची नव्हती, खेळाडूंच्या संस्थेने खेळाडूंवरच घातलेली होती.

बिडलेक यांनी तोड काढली. ऑक्टोबर १८९५ मध्ये त्यांच्या क्लबाने निराळ्या प्रकारची शर्यत घेतली. स्पर्धकांनी एकामागून एक, एकेका मिनिटाच्या अंतराने सुटायचे. प्रत्येकाने एकट्याने धावायचे. ज्याला कमीत कमी वेळ लागला तो विजयी. वाटेत पाहणाऱ्याला एक माणूस सायकलवरून जाताना दिसेल, शर्यत दिसणार नाही. यातून जी पद्धत रुळली ती विलक्षण आहे. शर्यत पहाटे, गाव उठण्याआधी. कपडे काळे, मानेपासून घोट्यापर्यंत. सायकलवर किंवा अंगावर ठळक क्रमांक नाही. मार्गाचे नाव जाहीर करायचे नाही. त्याला अक्षर आणि आकडा यांचा सांकेतिक क्रमांक. स्पर्धकांना पाठवलेल्या तक्त्यावर ‘खाजगी व गोपनीय’ असा शेरा. आधीच्याला गाठले तर त्याच्या मागे आडोशाला राहायचे नाही. ‘सोबतीने चालवणे’ हा नियमभंग.

एखादा गुप्त पंथ असावा असे हे वाटते. इतिहासकारांनी याची पुष्कळ टिंगल केली आहे, आणि बिडलेक यांच्यावर भित्रेपणाचा शिक्काही मारला आहे. मला तो अन्यायाचा वाटतो. लोखंडी गोळ्याची घटना त्या पिढीच्या आठवणीत ताजी होती. रस्त्यावरचा हक्क मिळून सातच वर्षे झाली होती. १८९५ साली ही सावधगिरी शहाणपणाची होती. चूक झाली ती नंतर. घोडे गेले, मोटारी आल्या, मोटारींच्या अपघातांत दरवर्षी हजारो माणसे मरू लागली, तरी १९३५ सालचा सायकलस्वार आपणच रस्त्यावरचा उपद्रव आहोत असे समजून पहाटे काळे कपडे घालीत होता. भीतीचे कारण संपले आणि भीतीची शिस्त उरली. बिडलेक यांना १९३३ च्या ऑगस्टमध्ये बार्नेटच्या उतारावर सायकलवर असताना एका मोटारीची धडक बसली आणि तीन आठवड्यांनी ते वारले. नॉर्थ रोडच्या कडेला सँडीजवळ त्यांच्या स्मरणार्थ एक छोटी बाग आहे. पुढच्याच वर्षी लंडनच्या वेस्टर्न अॅव्हेन्यूवर सायकलींसाठी स्वतंत्र पट्टा सुरू झाला, आणि टूरिंग क्लबाने त्याला विरोध केला : आज सोय म्हणून दिलेली पट्टी उद्या सक्तीची होईल आणि रस्ता हातचा जाईल. हाच तो जुना प्रश्न होता, फक्त समोरचा बदलला होता.

एकट्याने लढायच्या या शर्यतीची तयारी मात्र सोबतीनेच होत असे. हिवाळ्यात रविवारच्या लांब फेऱ्या, मडगार्ड लावून, एकाच गिअरच्या सायकलींवर. उन्हाळ्यात आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी वेगाची फेरी. तिला इंग्रजीत ‘चेन-गँग’ म्हणतात : साखळदंडाने जोडलेल्या कैद्यांची टोळी, आणि सायकलची चेनही. मराठीत ‘साखळी’ म्हटले तर दोन्ही अर्थ आपोआप येतात. तिची रीत अशी. ताशी तीस-पस्तीस किलोमीटरच्या वेगाला सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यात खर्च होते. पुढच्याच्या मागे चिकटून राहणाऱ्याला साधारण एकतृतीयांश श्रम कमी पडतात. म्हणून दोन रांगा करायच्या. एक रांग किंचित वेगाने पुढे सरकते. तिचा पहिला थोडा वेळ वारा खातो, मग बाजूच्या संथ रांगेत उतरतो आणि हळूहळू मागे जातो. शेवटी पोचला की पुन्हा वेगवान रांगेत. कोणीच फार वेळ पुढे नाही, कोणीच कायम मागे नाही. वारा बाजूने आला की रांग तिरकी होते. पुढच्याने खड्डा हाताने दाखवायचा, शेवटच्याने मागून येणारी मोटार ओरडून सांगायची. पुढे जाताना जोर लावून उसळी मारायची नाही, कारण त्या उसळीने शेवटच्याची सोबत तुटते. जोडीने जाताना आपले चाक शेजाऱ्याच्या अर्धे चाक पुढे ठेवण्याची खोड काहींना असते; शेजारी बरोबरी करायला वेग वाढवतो, हा आणखी वाढवतो, आणि बिचाऱ्या मागच्यांचे हाल होतात. इंग्लिश क्लबांत या खोडीला स्वतंत्र नाव आहे आणि ती असभ्यतेत मोडते. ही सगळी रीत कागदावरून कोणी शिकले नाही. नव्याला मागे ठेवीत, ओरडत, सांभाळीत ती शिकवली जाई.

म्हणजे आठवडाभर ज्याने सोबतीची ही बारीक कला शिकायची, त्यानेच रविवारी पहाटे ती विसरायची. ही विसंगती ज्याला असह्य झाली तो पर्सी स्टॅलर्ड, वुल्व्हरहॅम्प्टनचा सायकल-दुकानदार. १९३० च्या दशकात जागतिक स्पर्धेसाठी तो युरोपात गेला, तिथे घोळक्याची शर्यत पाहिली आणि आपण काय गमावले आहे हे त्याला कळले. महायुद्ध सुरू झाल्यावर पेट्रोलच्या टंचाईने इंग्लंडचे रस्ते मोकळे पडले. ७ जून १९४२ रोजी त्याने वेल्समधील लँगॉलेनपासून वुल्व्हरहॅम्प्टनपर्यंत ५९ मैलांची शर्यत घेतली. चाळीसेक स्वार एकत्र सुटले. गुप्तता नव्हती. पोलिसांना आधी कळवले होते आणि त्यांनी मदतही केली; उत्पन्न सैनिकांच्या मदतनिधीला जाणार होते. शेवटच्या टप्प्यावर हजारावर लोक जमले. अल्बर्ट प्राइस जिंकला. घोडा बिथरला नाही, कोणी तक्रार केली नाही, संसदेत प्रश्न निघाला नाही. सत्तेचाळीस वर्षे जपलेली भीती एका दुपारीत निराधार ठरली.

युनियनने स्टॅलर्डला आणि भाग घेणाऱ्यांना निलंबित केले. नोव्हेंबरात त्यांनी ‘ब्रिटिश लीग ऑफ रेसिंग सायक्लिस्ट्स’ ही स्वतंत्र संघटना काढली. पुढची सतरा वर्षे ब्रिटिश सायकलिंगमध्ये भाऊबंदकी माजली. एकाच गावातले दोन क्लब रस्त्यात भेटले तर एकमेकांना नमस्कार करीत नसत. लीगवाले रंगीत बनियन घालीत, फ्रेंच शब्द वापरीत. दुसरे काळ्या कपड्यांत. १९५५ साली ब्रायन रॉबिन्सन आणि टोनी होअर यांनी तूर द फ्रान्स पूर्ण केली, तोवर त्या शर्यतीत एकही ब्रिटिश शेवटपर्यंत टिकला नव्हता. १९५९ मध्ये दोन्ही संघटना एक झाल्या. स्टॅलर्डला हे विलीनीकरण मान्य नव्हते. त्याला तो आपल्या कामाचा घात वाटला, आणि ही कटुता त्याने २००१ साली मरेपर्यंत सोडली नाही. मधल्या काळात त्याच्या स्वतःच्याच लीगनेही त्याला एकदा निलंबित केले होते. घोळक्याच्या हक्कासाठी आयुष्य वेचणारा हा माणूस कोणत्याही घोळक्यात टिकला नाही. तो सुस्वभावी नव्हता, आणि सुस्वभावी असता तर लँगॉलेनची शर्यत झाली नसती.

बंदी उठली, पण एकट्याची ती पहाटेची शर्यतही गेली नाही. ती इंग्लंडला इतकी अंगवळणी पडली होती की तिचे चाहते ती सर्वांत प्रामाणिक शर्यत मानतात, आणि तिनेच इंग्लंडला बेरिल बर्टन दिली. यॉर्कशरची ही बाई लहानपणी संधिवाताच्या तापाने नऊ महिने इस्पितळात होती. श्रम करू नको असे डॉक्टरांनी बजावले होते. ज्याच्याशी तिचे लग्न झाले त्या चार्ली बर्टनच्या मागे ती मॉर्ली सायकलिंग क्लबाच्या फेऱ्यांना जाऊ लागली. चार्लीने नंतर सांगितले आहे की पहिल्या वर्षी तिला थोडे ढकलीत न्यावे लागे; दुसऱ्या वर्षी ती बरोबरीने आली; तिसऱ्या वर्षी ती सर्वांच्या पुढे होती. सिल्व्हिया पँकहर्स्टच्या पाठीला लागलेला हात इथे पुन्हा भेटतो, साठ वर्षांनी, पेनाइन डोंगरांच्या दुसऱ्या बाजूला.

१७ सप्टेंबर १९६७ रोजी ऑट्ली क्लबाची बारा तासांची शर्यत होती. वेळ ठरलेली, अंतर मोजायचे. पुरुषांत माइक मॅकनमारा राष्ट्रीय विक्रमाच्या दिशेने निघाला होता. त्याच्यानंतर सुटलेल्या बेरिल बर्टनने त्याला गाठले. नियमाने तिला त्याच्यासोबत राहता येत नव्हते आणि राहायचेही नव्हते. ओलांडताना काही तरी बोलायला हवे म्हणून तिने खिशातून मुलेठीची एक गोळी काढून त्याच्यापुढे धरली. त्याने ती घेतली, आभार मानले, आणि ती पुढे गेली. त्या दिवशी मॅकनमाराने २७६.५२ मैल जाऊन पुरुषांचा नवा विक्रम केला. बर्टन २७७.२५ मैल गेली होती. पुरुषांपैकी कोणी तो आकडा ओलांडायला १९६९ उजाडले. स्त्रियांत तो २०१७ पर्यंत टिकला.